आयपीएलचा पैसा येतो कुठून, जातो कुठे? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबर २०२५ ला अबू धाबीला आयपीएलचा लिलाव झाला, ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून ग्रीनला कोलकात्याने २५ कोटी २० लाखांना उचललं आणि तेव्हापासून तुम्ही लोकांनी आम्हाला नुसतं भंडावून सोडलंय. कोण कसा खेळेल हे कुणीच विचारत नाहीये, सगळ्यांचे प्रश्न पैशाचे. बरं झालं, कारण कव्हर ड्राइव्हवर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. जेवढी पत्रं घेता आली तेवढी घेतलीयत, लांबलचक होती ती थोडी कापलीयत.

प्रश्न: माझं सोलापूरला चादरी-टॉवेलचं होलसेल दुकान आहे. जिंकणाऱ्या टीमला बक्षीस २० कोटी, आणि नुसत्या खेळाडूंवर खर्च १२० कोटी. हा कसला धंदा? असा हिशेब मी घरी सांगितला तर बायको चाव्या काढून घेईल.

उत्तर: शेठ, बक्षीस पहिलं डोक्यातून काढा. २०२५ ला आरसीबी, म्हणजे बंगळुरूची टीम, एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा जिंकली, २० कोटी मिळाले, लोक रडले वगैरे, पण मालकाच्या वहीत ही रक्कम चिल्लर आहे. गंमत अशीये की पहिला बॉल पडायच्या आधीच टीमची वर्षाची बरीचशी कमाई ठरलेली असते. जिंका, हरा, तळाला जा.

कशी ते सांगतो. जून २०२२ मध्ये बीसीसीआयने २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ऑनलाइन लिलावात विकले, तीन दिवस बोली चालली, एकूण आले ४८,३९० कोटी. त्यात टीव्ही स्टारने घेतला २३,५७५ कोटींना, मोबाइलवरचं वायकॉम१८ ने २०,५०० कोटींना, निवडक सामन्यांचं अजून एक पॅकेज होतं ते पण त्यांनीच ३,२५८ कोटींना घेतलं, उरलेले १,०५७ कोटी परदेशातल्या हक्कांचे. पाच वर्षांत ४१० सामने धरले होते म्हणजे एका सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डाव पूर्ण झाले तर २४० बॉल, म्हणजे बॉलला जवळजवळ ४९ लाख. (वाइड पडला की तेवढा फुकट.)

आता यातला साधारण निम्मा भाग बोर्ड ठेवतं आणि निम्मा टीम्सना जातो, आणि टीम्समध्ये बहुतेक रक्कम सारखीच वाटली जाते, थोडा भाग टेबलमधल्या नंबरवर. ७४ सामन्यांच्या सीझनला हिशेब केला तर एका टीमच्या वाट्याला नुसते प्रक्षेपणाचेच सव्वाचारशे-साडेचारशे कोटी येतात. शिवाय टायटल स्पॉन्सरचा हिस्सा, टाटा त्यासाठी २०२४ ते २८ या काळात २,५०० कोटी देतायत. या सगळ्यात खेळाडूंचे १२०-१२५ कोटी बसवून बघा. दुसऱ्या देशातल्या फुटबॉल क्लबांसारखं खेळाडूंच्या पगारापायी मालक कर्जात बुडतोय असं इथे होतच नाही, कारण पर्सला, म्हणजे टीमने खेळाडूंवर खर्चायच्या रकमेला, वरून झाकण घातलेलं आहे, कितीही श्रीमंत असलात तरी त्यापलीकडे खर्च करता येत नाही.

वरचे पैसे वेगळेच. पुढच्या वेळी खेळाडूचा शर्ट नीट बघा. छातीवरची कंपनी वेगळी, पाठीवरची वेगळी, दोन्ही बाह्या वेगळ्या, हेल्मेटवर अजून कुणीतरी, पॅंटवर पण जागा विकलेली. हे सगळं टीमचं स्वतःचं. आणि लीगच्या बाजूने तर पाणी प्यायची सुट्टी पण विकलेली आहे, अडीच मिनिटांचा तो टाइमआउट कित्येक वर्षं सिएटच्या नावाने होतो. असो.

पण सगळेच मालक सुखी आहेत असं पण नाही हां. २००८ च्या जानेवारीत जे आठ जण आले त्यांना टीम स्वस्तात मिळाली. सगळ्यात महाग मुंबई होती, रिलायन्सने ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले, ते पण दहा वर्षांच्या हप्त्यांनी. राजस्थान तर ६ कोटी ७० लाख डॉलरला गेली. ते हप्ते फिटले, २०१८ पासून या जुन्या टीम्स बोर्डाला आपल्या उत्पन्नाच्या २० टक्के देतात, विषय संपला. उलट लखनौ बघा, २०२१ मध्ये उद्योगपती संजीव गोएंकांनी ७,०९० कोटींना घेतली, दहा वर्षांचे हप्ते म्हणजे वर्षाला ७०९ कोटी. प्रक्षेपणाचे साडेचारशे येणार आणि ७०९ जाणार, वर खेळाडू, हॉटेल, विमानं. पहिल्या वर्षापासून खड्डा.

मग घेतली कशाला? तर हे हिंजवडीला शेतजमीन घेऊन ठेवल्यासारखं आहे, पीक किती येतं हे बघून कोणी घेत नाही. २०१८ मध्ये जेएसडब्ल्यूने दिल्लीची अर्धी टीम ५५० कोटींना घेतली म्हणजे अख्खी टीम ११०० कोटींची झाली, आणि तीनच वर्षांत लखनौ ७,०९० ला गेली. अहमदाबादची टीम तेव्हाच सीव्हीसी नावाच्या परदेशी गुंतवणूक कंपनीने ५,६२५ कोटींना घेतली होती, त्यांनी २०२५ ला ६७ टक्के टॉरंटला विकून पण टाकली. त्यांना क्रिकेटशी काय घेणंदेणं, त्यांचा धंदाच घ्या आणि विका हा आहे.

प्रश्न: मी इचलकरंजीला नववीत आहे. ग्रीनला खरंच २५.२० कोटी मिळणार का? आणि जे पूर्ण सीझन बेंचवर बसतात त्यांना पैसे मिळतात का? आमच्या वर्गात पैज लागलीय.

उत्तर: पैज कोण जिंकलं ते कळव. ग्रीनला मिळणार १८ कोटी. कोलकात्याच्या पर्समधून मात्र पूर्ण २५.२० गेले, वरचे ७ कोटी २० लाख बोर्डाकडे जमा, खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून. याचं कारण असं की काही परदेशी खेळाडू मोठ्या लिलावाला मुद्दाम दांडी मारायचे आणि पुढच्या वर्षीच्या छोट्या लिलावात यायचे, तिथे खेळाडू कमी, टीम्सना गरज जास्त, म्हणजे भाव डबल. २०२३ च्या डिसेंबरला दुबईत छोट्या लिलावात ऑस्ट्रेलियाचा मिचेल स्टार्क २४.७५ कोटींना गेला, तेव्हा हे सगळ्यांच्याच डोळ्यावर आलं. म्हणून नियम काढला की छोट्या लिलावात परदेशी खेळाडूच्या हातात रिटेन्शनच्या (म्हणजे जुना खेळाडू लिलावाआधीच ठेवून घ्यायच्या) ठरलेल्या सगळ्यात वरच्या दराच्या किंवा मोठ्या लिलावातल्या सगळ्यात महाग बोलीच्या वर पैसे जाणार नाहीत, दोन्हीत जे कमी असेल ते. रिटेन्शनचा आकडा १८, पंतची बोली २७. कमी कोणतं? १८. आपल्या खेळाडूंना हा नियम नाही, त्यामुळे पंतचे २७ कोटी त्याचेच, फक्त त्यातून इन्कम टॅक्स जातो तो तुझ्या बाबांना विचार किती लागतो, ते जास्त कळकळीने सांगतील.

बेंचचं म्हणशील तर हो, लिलावाची रक्कम सीझनची असते, खेळाडू फिट आहे आणि टीमबरोबर हजर आहे तर एकही सामना न खेळता मिळते. पण २०२५ पासून अजून एक चांगली गोष्ट झालीय, प्रत्येक सामन्याला वेगळी साडेसात लाख फी. हिचा फायदा वरच्यांना नाही, खालच्यांना होतो. बेस प्राइस, म्हणजे बोली सुरू होते ती किंमत, ३० लाखावाला पोरगा साखळीचे १४ च्या १४ सामने खेळला तर १ कोटी ५ लाख नुसती फी. विरारचा आयुष म्हात्रे आठव, २०२५ ला ऋतुराजचं कोपर दुखावलं म्हणून चेन्नईने त्याला मधूनच ३० लाखात बोलावलं, तो सात सामने खेळला, म्हणजे या दराने फीचेच साडेबावन्न लाख होतात. रक्कम ३० आणि फी ५२!

त्याच वर्षीचा हा पण बघ, कोलकात्यात व्यंकटेश अय्यर २३.७५ कोटींचा आणि त्याचा कॅप्टन अजिंक्य रहाणे दीड कोटींचा. लिलावात भाव तुझ्या खेळाचा लागत नाही, त्या मिनिटाला त्या टेबलावर कुणाच्या पर्समध्ये किती उरलेत आणि किती जणांना तोच माणूस हवाय याचा लागतो.

प्रश्न: जळगावहून लिहितेय. दोन वर्षं मॅच फोनवर फुकट होती, मग एकदम पैसे मागायला लागले. आधी सवय लावायची आणि मग लुबाडायचं हा काय प्रकार?

उत्तर: ताई, सवय लावायलाच फुकट होती. २०२३ ला जिओसिनेमावर, म्हणजे वायकॉम१८ च्या ॲपवर, आयपीएल फुकट दाखवली तेव्हा समोर स्टार होता, टीव्हीचे हक्क त्यांच्याकडे, आणि दोघांना जाहिरातदार एकमेकांकडून ओढायचे होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दोघं एकत्रच आले, जिओस्टार झालं, फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार ॲप आलं. आता टीव्ही पण तेच, मोबाइल पण तेच, मग फुकट वाटायचं कुणासाठी? १४९ रुपयांत तीन महिने हा प्लॅन तसा फार महाग नाही, पण तुमचा राग पैशाचा नाही हे कळतंय.

मला विचाराल तर या सगळ्या लीगच्या धंद्यात आज काळजीची गोष्ट हीच आहे आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. २०२२ ला भाव एवढा चढला कारण बोली लावणारे मोठे चार होते, स्टार, वायकॉम, सोनी, झी. मोबाइलच्या हक्कांची बोली सामन्याला ३३ कोटींवर सुरू झाली आणि ५० वर गेली. आता त्यातले दोन तर एकच झालेत. सोनी आणि झीचं लग्न ठरलं होतं ते जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. २०२७ नंतरचे हक्क विकायला निघतील तेव्हा समोर ताकदीचा दुसरा कोण उभा राहणार? ॲमेझॉनसारखे कोणी मनावर घेतलं तर ठीक, पण २०२२ ला ते शेवटच्या क्षणी लिलावातून बाहेरच राहिले होते.

त्यात ऑगस्ट २०२५ ला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली. ते ड्रीम११, माय११सर्कल, ओव्हरच्या मध्ये मध्ये टीम बनवा टीम बनवा सांगणारे, ते सगळे जाहिरातदार रातोरात गेले. कायदा योग्यच होता असं माझं मत आहे, कितीतरी घरांत पोरांनी पैसे घालवलेत, पण जाहिरातीच्या वहीत भोक पडलंय ते पडलंयच, आणि वर सोलापूरच्या शेठना जो हिशेब सांगितला तो सगळा या एका नळावर उभा आहे. म्हणून तर सामने ७४ वरून ९४ करायची चर्चा असते, करार सामन्यागणिक आहे, सामने वाढले की पैसे वाढले. पण मे महिन्यात साठावा सामना बघताना तुम्ही स्वतः जांभया देत होतात की नाही?

प्रश्न: डोंबिवलीहून. चौघं जण वानखेडेला जायचं म्हटलं तर दहा-पंधरा हजारांचा चुना. टीव्हीचे एवढे पैसे मिळतात तर तिकीट स्वस्त का नाही करत?

उत्तर: स्वस्त करायची गरजच नाही म्हणून. वानखेडेत माणसं मावतात साधारण ३३ हजार, घरचे सामने सात. समजा प्रत्येक खुर्ची सरासरी अडीच हजाराला गेली, एकही पास नाही, तरी सीझनचे होतात ५८ कोटींच्या आत. टीव्हीच्या साडेचारशेपुढे हे काहीच नाही, आणि यातून मैदानाचं भाडं वगैरे जायचंच. आणि प्रत्यक्षात क्लबांना, मेंबरांना, अधिकाऱ्यांना, स्पॉन्सरांना जे पास जातात ते जाऊन तुमच्याआमच्यासाठी विक्रीला राहतात किती, हे कुणी छापत नाही. मागणी लाखांची, खुर्च्या हजारांत.

वरून टॅक्स. आयपीएलच्या तिकिटावर जीएसटी २८ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, म्हणजे हजाराचं तिकीट १२८० ला पडायचं ते १४०० ला. पानमसाल्याच्या रांगेत बसवलंय आपल्याला. भारताच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला मात्र १८ टक्केच. आणि याच राज्यात सरकारने २०२३ ला क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले, ते प्रकरण हायकोर्टात पोचलं. प्रेक्षकाच्या तिकिटावरचा टॅक्स वाढतो आणि आयोजकाचा बंदोबस्त स्वस्त होतो, यावर तुम्हीच काय ते बोला, डोंबिवलीकर लोकलमध्ये चांगलं बोलतात.

प्रश्न: बीसीसीआय टॅक्स भरत नाही हे खरं का? (नागपूर)

उत्तर: बोर्ड ही कंपनी नाही, तामिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे, आणि क्रिकेटचा प्रसार हे धर्मादाय काम म्हणून तिला इन्कम टॅक्समध्ये सूट आहे. आयपीएल आल्यावर खात्याने म्हटलं हा सरळ धंदा आहे, सूट कसली. २०२१ मध्ये मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला, पैसा मिळतो म्हणून मूळ हेतू बदलत नाही असं म्हणून. टीम्स मात्र कंपन्या आहेत, त्यांना टॅक्स आहे, खेळाडूंना तर आहेच.

प्रश्न: नाशिकहून, रिटायर्ड बँकवाला. आयपीएल टीमचे शेअर घेता येतात का? एक जण व्हॉट्सॲपवर चेन्नईचे देतो म्हणतोय.

उत्तर: साहेब, चेन्नईचे शेअर आहेत हे खरंय. टीम आधी इंडिया सिमेंट्सची होती, मग वेगळी कंपनी काढली आणि सिमेंटच्या भागधारकांना तिचे शेअर मिळाले. पण ती एक्स्चेंजवर लिस्टेड नाही, त्यामुळे भाव म्हणजे देणारा सांगेल तो, आणि विकायचे झाले तर गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं. बँकेत आयुष्य काढलंत, व्हॉट्सॲपवरच्या माणसाला चेक देऊ नका हे मी सांगायला नको.

लिस्टेडमध्ये म्हणाल तर हैदराबाद सन टीव्हीकडे आहे, आरसीबी २०२५ ला युनायटेड स्पिरिट्सकडे होती, म्हणजे दारूच्या कंपनीचा शेअर घ्यायचा आणि त्यात चिमूटभर क्रिकेट. नोव्हेंबर २०२५ ला त्यांनी एक्स्चेंजला कळवलं होतं की या टीमचं काय करायचं याचा आम्ही फेरविचार करतोय. कप जिंकल्यावर पाच महिन्यांत! भाव चढा असताना विकायचा विचार करणारा मालक मला तरी शहाणाच वाटतो.

प्रश्न: पुण्याला टीम का नाही? लखनौला आहे, अहमदाबादला आहे, आम्ही काय पाप केलंय?

उत्तर: पत्रात याहून बरंच काही होतं, ते छापण्यासारखं नाही. पुण्याला एकदा नाही दोनदा टीम मिळाली, आणि दोन्ही वेळा पैशाच्याच गणिताने गेली.

पहिली सहाराची पुणे वॉरियर्स. २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला घेतली, तेव्हाची सगळ्यात महाग टीम. २००८ ची मुंबई ११ कोटी डॉलरची हे लक्षात ठेवा, म्हणजे दोन वर्षांत तिप्पट भाव दिला. सहाराचं म्हणणं असं की आम्ही ९४ सामने होतील म्हणून एवढी बोली लावली, सामने झाले कमी, मग फी पण कमी करा. बोर्ड ऐकेना. २०१३ च्या मे महिन्यात बोर्डाने बॅंक गॅरंटी वटवली आणि सहारा बाहेर पडले. गहुंज्याच्या स्टेडियमवर त्यांच्या प्रमुखाचं नाव होतं, पैसे थकले तसं ते पण उतरलं. आज लखनौचे हप्ते बघताना मला सारखी ही केस आठवते.

दुसरी कथा जास्त भारी. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर काढले तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये दोन तात्पुरत्या टीम्सचा उलटा लिलाव झाला, म्हणजे बोर्डाच्या तिजोरीतून तुम्ही कमीत कमी किती घ्याल ते सांगा, वरची मर्यादा ४० कोटी. गोएंकांनी पुण्यासाठी सांगितलं उणे १६ कोटी! म्हणजे आम्हाला तुमचं काही नको, आम्हीच वर्षाला १६ कोटी देतो. राजकोट उणे १० ला गेली. दोनच वर्षांची टीम, ती २०१७ च्या फायनलला पोचली आणि हैदराबादला मुंबईकडून एका रनने हरली, १२९ ला १२८. आणि मग मुदत संपली, दुकान बंद. २०२१ ला गोएंका परत आले ते लखनौला, नाव पण तेच सुपर जायंट्स. तो राग मी समजू शकतो.

परत येईल का? मैदान शहरापासून लांब, मुंबई अडीच-तीन तासांवर, आणि पुण्यातले निम्मे लोक आधीच मुंबई नाहीतर चेन्नईचे. २०१८ ला कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंज्याला हलवले तेव्हा तिकडून त्यांचे लोक खास रेल्वेने आले होते आणि स्टेडियम पिवळंधमक, इथल्या पोरांनी पण पिवळेच शर्ट घातले. गुंतवणूकदार हे बघतो. तोवर महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, २०२३ ला सुरू झाली, पुणेरी बाप्पा ही टीम प्रवीण मसालेवाल्यांनी १४ कोटी ८० लाखांना घेतली. लखनौपेक्षा परवडली.

प्रश्न: सांगलीहून, एक आई. मुलगी बारा वर्षांची आहे, स्मृतीचं बघून क्रिकेट लागलं. मुलींच्या लीगमध्ये खरंच पोट भरण्याएवढा पैसा आहे का? एक कोच म्हणतायत दीड लाख भरा, निवड करून देतो.

उत्तर: ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. एक रुपया देऊ नका. पैसे घेऊन निवड करून देणारा माणूस कोच नसतो. मुलींच्या अंडर-१५ पासून राज्याच्या टीम्स असतात, ट्रायल्स राज्य संघटनेमार्फत होतात, तुमच्या जिल्हा संघटनेत जाऊन तारखा विचारा, आणि पुढे लिलावाच्या यादीत नाव जातं ते पण राज्य संघटनेकडूनच, कुणा दलालाकडून नाही.

पैशाचं म्हणाल तर वर आहे, मधे अजून कमी आहे. २०२३ ला डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे बायकांच्या आयपीएलच्या, पाच टीम्स ४,६६९ कोटी ९९ लाखांना गेल्या, स्मृतीला बंगळुरूने ३ कोटी ४० लाख दिले, त्या लिलावातली सगळ्यात महाग तीच. पण प्रक्षेपणाचे हक्क गेले पाच वर्षांना ९५१ कोटींना, म्हणजे सामन्याला ७ कोटींच्या आसपास, पोरांचे ११८. नोव्हेंबर २०२५ ला डीवाय पाटीलवर वर्ल्ड कप जिंकल्यानंतर पुढचा करार याच भावाला होईल असं मला वाटत नाही. तुमच्या मुलीचं वय बघता तिच्यासाठी तो पुढचा करारच महत्त्वाचा.

आणि रस्ता सरळच असतो असं नाही. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे बघा, आधी ॲथलेटिक्स, नंतर क्रिकेट, पुढे नागालँडकडून खेळली, तिकडून २०२२ ला टी-२० मध्ये नाबाद १६२ काढल्या, मग भारताची टोपी आणि डब्ल्यूपीएलला ३० लाख.

सध्या दोनच कामं करा. रोजच्या बॅटिंगला मुलांबरोबर खेळू द्या, मुलींचं नेट वेगळं शोधत बसू नका. आणि जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार यांच्यावरची तारीख एकच आहे ना ते आत्ताच तपासा, अंडर-१५ ला मनगटाच्या एक्स-रेवरून वय बघतात आणि कागद जुळले नाहीत तर चांगली खेळणारी पोरगी पण दारातून परत जाते.